शाळा, परीक्षा आणि मुलांचे जीवित

१९१० सालच्या एप्रिल महिन्यात व्हिएन्ना नगरीतील मनोविश्लेषकांच्या मंडळाने आठवड्याच्या अंतराने भरलेल्या आपल्या दोन बैठका एकाच प्रश्नाला दिल्या. प्रश्न होता शाळकरी मुलांच्या आत्महत्यांचा. लोकांचा रोष शाळांवर होता. मंडळाच्या सभासदांत डेव्हिड ओपनहाइम नावाचे, ग्रीक व लॅटिन शिकविणारे एक शिक्षक होते. त्यांनी शाळेची बाजू मांडली. पुढे ही चर्चा पुस्तकरूपाने छापली गेली तेव्हा त्यांनी आपले नाव घातले नाही. ‘अनेकांतील एक’ अशा अर्थाचे लॅटिन टोपणनाव घेतले. आपल्या व्यवसायाचा बचाव करतानाही मनुष्याला किती संकोच वाटतो, ह्याचे ते टोपणनाव म्हणजे एक उदाहरणच होय.

सिग्मंड फ्रॉइड त्या बैठकांत थोडेच बोलले. शिक्षकांचे म्हणणे त्यांनी झिडकारले नाही. कारखान्यांत उमेदवारी करणारी, शाळेचे तोंडही न पाहणारी मुलेदेखील जिवाला मुकतात; तेव्हा सारा दोष शाळेच्या माथी मारणे न्याय्य नव्हे, हे त्यांना मान्य होते. परंतु शाळेने मुलाला मरणाकडे ढकलू नये एवढ्यावरच तिचे कर्तव्य संपत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाच्या ठायी जगण्याची इच्छा उत्पन्न करणे, घराशी असलेले बंध सैल होऊ लागण्याच्या वयात त्याला आधार देणे, हे तिचे काम. मूल अजून कच्चे आहे, आणि कच्चेपणी काही काळ घुटमळण्याचा त्याला हक्क आहे. जीवनाचा निष्ठुरपणा शाळेने अंगीकारू नये. शाळा ही जीवनाची रंगीत तालीम आहे, प्रत्यक्ष झुंज नव्हे, असा एकंदर त्यांचा अभिप्राय होता.

ह्या बैठकांना शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज भारतात हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३ सालच्या अहवालात एकंदर १,७१,४१८ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १३,८९२ विद्यार्थ्यांच्या आहेत. २०१३ साली विद्यार्थ्यांचा हा आकडा ८,४२३ होता. ह्यांत शाळांतील मुले आणि महाविद्यालयांतील तरुण दोन्ही आले. ह्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाच्या नावातच ‘गुन्हे’ हा शब्द आहे, हीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध ठरविला होता. २०१८ साली अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा न करता त्याची शुश्रूषा करावी, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तर, सरकारी अधिकाऱ्यावर दडपण आणण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न वगळता, हा अपराधच उरला नाही. कायदा बदलला; परंतु गावोगावच्या मुख्याध्यापकांच्या मनातील चौकीचे भय अजून सरले आहे असे दिसत नाही. एखाद्या मुलाने असा प्रयत्न केल्याचे कळले की प्रकरण दडपण्याकडे शाळेचा आणि घराचाही कल होतो, आणि ज्या मुलावर त्या वेळी सर्वाधिक लक्ष हवे, तेच मूल सर्वांच्या नजरेआड केले जाते.

ह्या अहवालांत प्रत्येक मृत्यूपुढे कारणाचा एक रकाना असतो. ‘परीक्षेतील अपयश’ हा त्यांपैकी एक. २०२२ सालच्या अहवालात त्याखाली दोन हजारांवर मृत्यू मोडतात. विद्यार्थ्यांचे एकूण मृत्यू त्याच साली १३,०४४ होते. म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या रकान्यांत गेले आहेत : कौटुंबिक कलह, आजारपण, प्रेमप्रकरण. सरकारी तक्त्याचा स्वभावच असा की त्याच्या एका रकान्यात एकच कारण मावते. प्रत्यक्षात खिन्नतेने ग्रासलेला मुलगा चाचणीत मागे पडतो, मागे पडल्यामुळे घरी बोलणी खातो, बोलणी खाल्ल्यामुळे मित्रांना टाळतो, आणि शेवटच्या दिवशी जे घडते त्याला लोक कारण म्हणतात. ते कारण नसते, निमित्त असते. प्रतिबंधाचा विचार निमित्ताशी थांबला की तो अपुरा पडतो.

हा विचार करताना दोन समजुती वाटेत आडव्या येतात. पहिली अशी की, मुलांपाशी ह्या विषयाचा उच्चारही करू नये. नसती कल्पना त्यांच्या डोक्यात शिरेल. ही भीती सद्‍भावनेतूनच जन्मते. परंतु ती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील ६ माध्यमिक शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांची ह्या दृष्टीने पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न विचारले होते, इतरांना ते विचारले नव्हते. ज्यांना विचारले त्यांची व्यथा वाढली नाही, त्यांच्या मनात नवे विचार उत्पन्न झाले नाहीत. आणि जी मुले आधीच खिन्न होती, त्यांपैकी ज्यांना विचारले गेले, त्यांना विचारल्याने थोडे बरेच वाटले असे दिसले. ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ हा प्रश्न एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने शांतपणे, एकांतात, उपदेशाची पुरचुंडी न सोडता विचारला, तर तो मुलाला खड्ड्यात लोटीत नाही. उलट आपल्या मनातले हे भयंकर दुसऱ्या कोणाच्या तोंडून उच्चारले जाऊ शकते, एवढ्यानेच त्याचा भार हलका होतो.

दुसरी समजूत ह्याच्या उलट टोकाची. काही वस्तू दूर केल्या, एखादे यंत्र बसविले, की काम झाले, असे तिचे स्वरूप. राजस्थानातील कोटा शहरी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी देशभरातून मुले जातात, त्यांत मराठी मुलेही असतात. २०२३ साली तेथे मृत्यूंची संख्या वाढली तेव्हा प्रशासनाने वसतिगृहांच्या खोल्यांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश काढला, आणि काही काळ चाचण्याही थांबविल्या. ह्या आदेशाची तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. ती सर्वस्वी योग्य नव्हती. जीव देण्याची ऊर्मी अनेकदा अल्पकाळ टिकते. तो काळ कसाबसा टळला तर मनुष्य वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे आपले आयुष्य जगतात. म्हणूनच गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील खेड्यांत, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने हाती घेतलेल्या उपक्रमात, शेतीची औषधे घराघरांत न ठेवता गावाच्या सामाईक कोठीत कुलपाखाली ठेवण्याची व्यवस्था हे एक अंग आहे. तेव्हा पंख्याची व्यवस्था हवीच. मात्र खोलीत एकटे पडलेले, मागच्या चाचणीच्या क्रमांकाप्रमाणे खालच्या तुकडीत ढकललेले मूल त्या पंख्याखाली रात्रभर जागे असते, त्याला तेथे कोण भेटणार आहे, हा प्रश्न स्प्रिंग सोडवीत नाही.

हा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न मात्र झाले आहेत, आणि त्यांतील दोन विशेष मननीय आहेत. एक युरोपातील, दुसरा बिहारमधील.

युरोपातील प्रयोग स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेच्या पुढाकाराने १० देशांत झाला आणि त्याचे फलित २०१५ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. १६८ शाळा, ११,११० विद्यार्थी. शाळांचे चार गट पाडले होते. एका गटात शिक्षकांना व शाळेतील इतर सेवकांना शिकविले की, संकटात असलेले मूल कसे ओळखावे आणि त्याला मदतीपर्यंत कसे न्यावे. दुसऱ्या गटात मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन, ज्यांची उत्तरे चिंताजनक वाटली त्यांना तज्ज्ञांकडे पाठविले. तिसऱ्या गटात मुलांशीच संवाद साधला. तीन-चार आठवड्यांत मिळून सुमारे पाच तास. त्यांत व्याख्यान थोडे आणि नाट्यरूप अधिक. मुले आपापल्या आयुष्यातील पेच निवडत, त्यांच्या भूमिका करीत, आणि त्यांवर बोलत. सोबत एक लहान पुस्तिका आणि वर्गाच्या भिंतीवर सहा चित्रफलक. चौथ्या गटात केवळ ते फलकच लावले. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा, तिसऱ्या गटात आत्महत्येचा प्रयत्न करणारी मुले शेकडा ०.७० होती, केवळ फलक लावलेल्या गटात ती शेकडा १.५१ निघाली. म्हणजे निम्म्याहून कमी. पहिल्या दोन गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

हे फलित पुष्कळांना अनपेक्षित वाटले. मोठ्यांना शिकवावे, त्यांनी मुलांवर लक्ष ठेवावे, हा मार्ग किती सरळ भासतो! तो निरुपयोगी आहे असे ह्यावरून ठरत नाही. अडचणीतील मूल ओळखू येणारा शिक्षक नेहमीच हवा. परंतु ज्या गटाला यश आले त्यात मुलांना पाहणीचा विषय न करता बोलण्याचा अधिकार दिला होता. आणि हे तास घेणारे लोक त्या शाळेचे शिक्षक नव्हते, बाहेरून आलेले होते. त्यांच्या हाती हजेरीपट नव्हता आणि गुणपत्रिकाही नव्हती. मेहसाण्याच्या ज्या उपक्रमाचा उल्लेख वर आला, त्यातही शाळांसाठी हाच कार्यक्रम घेतलेला आहे.

ह्या बाहेरच्या माणसाचे मोल बिहारमधील प्रयोगाने अधिक स्पष्ट केले. हा प्रयोग नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत झाला. ज्या भूमीत एके काळी हजारो विद्यार्थी दूरदेशांहून येऊन राहत, तेथल्या आजच्या शाळा म्हणजे गर्दीचे वर्ग, अपुरे शिक्षक आणि सायकलीवरून मैलोगणती येणारी मुलेमुली. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ ह्या संस्थेने हा उपक्रम आखला. त्याचे नाव ‘सेहेर’; उर्दूत ह्याचा अर्थ पहाट. ७४ शाळांतील नववीच्या तेरा हजारांवर मुलांना त्यात सामावून घेतले होते. शाळांचे तीन गट केले. एका गटात शाळेबाहेरचा एक मनुष्य नेमला, त्याला ‘सेहेर मित्र’ म्हणत. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. सामान्य शिकलेला, ह्या कामाचे प्रशिक्षण दिलेला. दुसऱ्या गटात हेच प्रशिक्षण देऊन हेच काम शाळेतल्याच एका शिक्षकावर सोपविले. तिसऱ्या गटात नेहमीचेच काम चालू राहिले.

मित्राचे काम काय होते? सकाळच्या परिपाठात ठरावीक विषयांवर बोलणे. दरमहा भित्तिपत्रक काढणे, ज्यात मुलांनीच लिहावयाचे. स्पर्धा भरविणे. दमदाटी आणि छळ ह्यांविषयी शाळेचे नियम मुख्याध्यापक, पालक आणि मुले ह्यांच्या समितीकडून करून घेणे. ज्या मुलाला एकट्याने भेटावयाचे असेल त्याला भेटणे. आणि भिंतीवर एक पेटी लावणे. तीत मुलांनी आपले गाऱ्हाणे, शंका किंवा सूचना लिहून टाकावयाची. नाव घालावयाचे की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ह्या यादीत आत्महत्येचे नाव कोठेही ठळकपणे येत नाही, हे सुज्ञ श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. ह्या प्रयोगाने मोजावयाचे ठरविले तेही प्रथम शाळेचे वातावरण : शिक्षक आपल्याला आधार देतात असे मुलांना वाटते का, ही शाळा आपली वाटते का, शाळेच्या निर्णयांत आपल्याला काही स्थान आहे का. त्याच्या जोडीला खिन्नता, छळ आणि हिंसा.

आठ महिन्यांनी मोजणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, ज्या शाळांत बाहेरचा मित्र होता तेथील वातावरण लक्षणीय सुधारले होते. मुलांची खिन्नता घटली होती, छळ आणि मारामाऱ्या कमी झाल्या होत्या. जेथे तेच काम शिक्षकाने केले, तेथे साध्या शाळांच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही. दुसऱ्या वर्षीच्या पाहणीतही हेच चित्र राहिले, किंबहुना अधिक ठसठशीत झाले.

ह्यात शिक्षकांचा उपमर्द नाही. बिहारमधीलच काय, कोणत्याही राज्यातील सरकारी शाळेचा शिक्षक घ्या. त्याच्याकडे वर्ग असतो, परीक्षा असते, मतदारयाद्या, जनगणना आणि आहाराच्या नोंदी असतात. वरून येणारे प्रत्येक नवे परिपत्रक त्याच्याच टेबलावर येऊन स्थिरावते. ह्या ढिगात मुलांच्या मनाचा कारभार आणखी एक कागद होऊन पडतो. पण कामाचा बोजा एवढेच कारण नसावे. जो मनुष्य मे महिन्यात आपला निकाल लावणार, त्याच्यापुढे आपण अभ्यासाला बसू शकत नाही, रात्री झोप येत नाही, वर्गातली मुले आपल्याला जातीवरून हिणवितात, हे मूल कसे सांगणार? शिक्षक कितीही मायाळू असला तरी त्याच्या हातात लाल शाई असते. शाळेत असा एक तरी मनुष्य हवा की ज्याच्या हाती गुण नाहीत.

२०२० साली केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम काढला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यावयाचे आहे. योजनेचा हेतू स्तुत्य आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने ती सोयीची आहे ह्यात शंका नाही. परंतु नालंद्याच्या मोजणीपुढे ती ठेवून पाहिली असता, जेथे यश आले नव्हते नेमका तोच मार्ग देशव्यापी केला गेला, असे म्हणावे लागते. २०२२ सालच्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण शेकडा १० ने घटविण्याचे ठरविले आहे, आणि आठ वर्षांत सर्व शिक्षणसंस्थांत मनःस्वास्थ्याचा अभ्यासक्रम आणावयाचे योजिले आहे. हा अभ्यासक्रम कोण शिकविणार, ह्यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे. त्यावर घटकचाचणी घेतली गेली म्हणजे तर सर्वच आटोपले.

शाळेच्या आत काय व्हावे ह्याचा हा विचार झाला. पण शाळेच्या बाहेर, परीक्षामंडळाच्या कचेरीत काही निर्णय होतात, आणि तेही मुलांच्या जिवाशी तितकेच निगडित असतात. मराठीत ‘वर्ष वाया गेले’ असे म्हणतात. चाळिशीतल्या माणसाचे एक वर्ष वाया गेले तर त्याला ते पुढे आठवतही नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र ते वर्ष म्हणजे बरोबरीच्या सर्व सोबत्यांपासून झालेली ताटातूट असते. दुसरे जग त्याने पाहिलेले नसते. तामिळनाडू राज्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ह्यावर एक साधा उपाय केला. एकदोन विषयांत अडलेल्या मुलांची परीक्षा लगेच, नवे वर्ग सुरू होण्याच्या सुमारासच पुन्हा घ्यावयाची, म्हणजे वर्ष हातचे जात नाही. १९८६ पासून चेन्नईत आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या ‘स्नेहा’ संस्थेच्या संस्थापिका डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी ह्या उपायाचे महत्त्व वारंवार सांगितले आहे. तेथे परीक्षेतील अपयशामुळे होणाऱ्या आत्महत्या पुढील वर्षांत घटल्या. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलै महिन्यातच होऊ लागली. केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरविले. ह्यांपैकी कशालाही मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही; वेळापत्रक बदलण्याची तयारी लागते.

आणि निकाल अचूक लागावा लागतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात इंटरमिजिएट परीक्षेचे निकाल लागले, त्यांत गंभीर चुका निघाल्या. एका मुलीच्या गुणपत्रिकेवर तेलुगू विषयात शून्य होते. पुन्हा तपासले तेव्हा ते ९९ निघाले. ह्या निकालांनंतरच्या दिवसांत अनेक विद्यार्थ्यांनी जीव दिला. सरकारने समिती नेमली, आणि तीन लाखांवर अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका विनामूल्य फेरतपासण्याचा हुकूम काढला. ती फेरतपासणी करता येत होती, तर ती निकालापूर्वी का झाली नाही, हा प्रश्न मृतांच्या आईबापांनी विचारला तर त्याला कोणत्याही कचेरीपाशी उत्तर नाही. गुणांच्या यादीतील एका आकड्याची चूक ही हिशेबाच्या वहीतील चुकीसारखी नंतर दुरुस्त करता येईलच असे नाही.

एवढी सर्व काळजी घेऊनही एखाद्या शाळेत असा मृत्यू घडतोच. तेव्हा शाळेने काय करावे, ह्याचा विचार आपल्याकडे फारच थोडा झाला आहे. ह्या बाबतीतही धडा व्हिएन्नाचाच आहे. त्या शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली १९७८ साली. पुढे तेथे घडणाऱ्या आत्महत्यांची वर्णने वृत्तपत्रे मोठमोठ्या मथळ्यांखाली, बारीकसारीक तपशिलांसह देऊ लागली, आणि अशा घटना वाढत गेल्या. १९८७ च्या मध्यास तेथील आत्महत्या-प्रतिबंधाच्या कार्यकर्त्यांनी संपादकांना विनंती केली : मथळे आवरा, तपशील देऊ नका, एका कारणाची गोष्ट रचू नका. संपादकांनी ती मानली. त्यानंतरच्या सहा महिन्यांतच भुयारी रेल्वेतील अशा घटना निम्म्याहूनही पुष्कळ खाली आल्या.

शाळेचा परिपाठ हेही एक वृत्तपत्रच आहे. मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक काय बोलतात, ते पाचशे मुले ऐकतात. गेलेल्या मुलाला निर्भय वीर करू नये, तसेच त्याला भ्याडही म्हणू नये. कसे घडले ते सांगू नये. आपला सोबती गेला, आपल्याला दुःख झाले आहे, आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याने अमक्या खोलीत अमक्या व्यक्तीकडे केव्हाही यावे, एवढे पुरे. त्यानंतरचे खरे काम वर्गात असते. त्याच्या बाकावरचा मुलगा, त्याच्याशी आदल्या दिवशी भांडलेली मुलगी, त्याची चिठ्ठी वाचूनही कोणाला न सांगितलेला मित्र, पूर्वी कधी असाच विचार करून परतलेले मूल. ह्यांना हुडकून त्यांच्यापाशी बसावे लागते. रिकाम्या बाकाचे काय करावयाचे हेदेखील वर्गाला विचारून ठरवावे. रात्रीतून तो बाक उचलून नेला की मुलांना वाटते, आपलेही असेच करतील.

२०२५ सालच्या २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथे प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्णय दिला, आणि कायदा होईपर्यंत सर्व शिक्षणसंस्थांना बंधनकारक असे १५ निर्देश घालून दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. सेवकवर्गाला वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. दुर्बल आणि उपेक्षित समाजांतील मुलांशी आपुलकीने, भेदभावावाचून वागावे. पालकांनाही समजावून द्यावे. छताच्या पंख्यांची आणि गच्चीची तजवीजही त्यांत आहे, पण ती यादीच्या शेवटाशी आहे. न्यायालयाने ह्या गोष्टी ज्या क्रमाने मांडल्या तो क्रम विचारपूर्वक असावा असे वाटते.

आता ह्या निर्देशांचे रूपांतर नियमांत करण्याचे काम राज्यांच्या सचिवालयांचे आहे, आणि अशा वेळी नियम कसे लिहिले जातात हे जाणत्यांस ठाऊक आहे. ‘समुपदेशकाचे काम उपलब्ध शिक्षकांपैकी एकाकडे अतिरिक्त म्हणून सोपवावे’ एवढे एक वाक्य घातले की खर्च वाचतो आणि आदेशाचे पालनही झाल्यासारखे दिसते. हे वाक्य न लिहिणे हीच ह्या नियमांची पहिली कसोटी. खेड्यांतील कित्येक सरकारी शाळांची पटसंख्या शंभराखाली आहे; त्यांच्यासाठी आठवड्यातील ठरलेल्या वारी येणारा, पाचसहा शाळांना मिळून एक मित्र नेमता येईल. त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली घालावयाचा, प्रवासभत्ता शिक्षण खात्याने द्यावयाचा की आरोग्य खात्याने, तो रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे प्रश्न रुक्ष आहेत. पण योजना मरतात त्या बहुधा अशाच प्रश्नांवर मरतात.

तसाच एक प्रश्न दूरध्वनीचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे रात्री-अपरात्री केव्हाही, मराठीसह वीस भाषांत बोलता येते, आणि मुलांप्रमाणेच त्यांच्या काळजीने व्याकूळ झालेल्या आईबापांना व शिक्षकांनाही बोलता येते. हा क्रमांक वर्गावर्गांत आणि वसतिगृहांत मोठ्या अक्षरांत लावावा असा न्यायालयाचा निर्देश आहे. क्रमांक रंगविला जाईल. परंतु खेड्यातील आठवी-नववीच्या मुलीजवळ स्वतःचा फोन नसतो. घरातला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशात असतो, आणि तिला जे बोलावयाचे आहे ते पुष्कळदा वडिलांच्या देखत बोलता येण्यासारखे नसते. शाळेत एक उपकरण ठेवता येईल, मुलांना त्यावर एकांतात बोलता येईल अशी एक लहानशी खोलीही निघेल. त्या खोलीला कुलूप असावे की नसावे, आणि असल्यास किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता कोणापाशी ठेवावी, एवढे तरी त्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असावे.